तिसरा फॉरवर्ड

हंगाम सुरू होण्याआधीचा आठवडा म्हणजे आमच्या घरात परीक्षेचा आठवडा. जेवणाच्या टेबलावर तीन माणसं, तिघांच्या हातात मोबाइल, तिन्ही मोबाइल छातीशी धरलेले, आणि प्रत्येकाला पक्की खात्री की बाकीचे दोघं आपल्या संघात डोकावून बघताहेत. बाबा, आई आणि ताई. ताईचं लग्न झालंय, घर दोन गल्ल्या सोडून आहे, पण या आठवड्यात ती रोज इकडेच असते. भाऊजी बिचारे गरम करून खातात.

खेळ तसा साधा. लीगमधल्या खऱ्या खेळाडूंमधून आपला संघ निवडायचा आणि ते खेळाडू खऱ्या मैदानावर जे काही दिवे लावतील त्याचे गुण आपल्याला. गोल केला की गुण, गोल करून दिला की गुण, बाकावर बसून राहिला की भोपळा. ठरलेल्या वेळी संघ बंद होतात आणि तोवर कुणाचा संघ कुणालाच दिसत नाही. मोबाइलवरचा पोरखेळ आहे, कबूल, पण या पोरखेळापायी आमच्याकडे अबोला धरला गेलेला आहे. आईने मनाशी पुटपुटलेलं ऐकून बाबांनी तिचाच गोलकीपर घेतला होता, तेव्हा ती आठवडाभर त्यांच्याशी फक्त ताईमार्फत बोलत होती. ताई तेव्हा समोरच बसलेली असायची.

मला हा खेळ खेळायला मनाई होती. क्लबच्या करारातच तसं लिहिलेलं, खेळाडूंनी असले खेळ खेळायचे नाहीत. कारण अ‍ॅपमधल्या त्या यादीत मीही आहे. फॉरवर्ड. अंगठ्याने यादी वर सरकवत राहायची, सरकवत राहायची, कंटाळा आला तरी सरकवायची, मग अगदी तळाशी मी येतो.

प्रत्येक खेळाडूच्या नावाखाली एक आकडा असतो, तो किती जणांच्या संघात आहे त्याचा. यादीच्या वरच्या टोकाला जे आहेत त्यांचा आकडा वाचताना जीभ अडखळते. माझ्या नावाखाली तीन. गेली काही वर्षं तीनच. पाय हलके होते त्या काळात तो आकडा हजारांत होता, आणि तेव्हा मी ढुंकूनही बघत नसे. आता मॅचआधी, बूट बांधायच्या आधी, मोबाइल काढून बघायचो. आमच्या गोलकीपरला हे ठाऊक होतं. "काका, तिघं आले का?" तो ओरडायचा. संघात सगळ्यात म्हातारा म्हणून मी सगळ्यांचा काका. "आले," मी म्हणायचो. सगळे हसायचे, मीही हसायचो. पण खरं सांगायचं तर तो आकडा बघितल्याशिवाय मी एकाही मॅचला बूट बांधलेले नाहीत.

संघात फॉरवर्डच्या जागा तीन. आमच्या घरात मात्र डोकं दोघांसाठीच खाजवायचं. तिसरा ठरलेला असायचा. संघ बंद झाले की प्रत्येकाने आपली नावं मोठ्याने वाचायची, हा आमचा रिवाज. पहिल्या दोन फॉरवर्डची नावं घ्यायची, आणि तिसऱ्याच्या वेळी नाव न घेता माझ्या पाठीत एक धपाटा घालायचा आणि म्हणायचं, "आणि आपला हा." एका संध्याकाळी तीन धपाटे. ताईचा सगळ्यात जोरात, कारण तिचे गुण खरंच बुडायचे.

यंदा मंगळवारी, सराव संपल्यावर, सरांनी खोलीत बोलावलं. सर म्हणजे आमचे प्रशिक्षक. त्यांची खोली कपडे धुण्याच्या खोलीला लागून आहे. भिंतीपलीकडे मशीन घरघरत असतं आणि सगळीकडे ओल्या मोज्यांचा आणि मलमाचा वास.

"बस."

"उभाच बरा आहे, सर. बसलो की उठताना गुडघा कुरकुर करतो."

मी हे गंमत म्हणून बोललो होतो. त्यांचा चेहरा बघितला आणि कळलं, बोलणं नेमकं त्याच गमतीबद्दल आहे.

संघाच्या नोंदणीत एकच जागा उरली होती. मी किंवा तो नवा पोरगा. पोरगा विशीचा, पळायला लागला की याचे पाय जमिनीला लागतात की नाही असं वाटतं. "तुझं नाव द्यायला माझी ना नाही," सर म्हणाले. "बाकावर बसशील. शेवटची काही मिनिटं मिळाली तर मिळाली. नाहीतर मुलांच्या संघाला शिकवायला ये. जागा तुझ्यासाठी ठेवलीय. तुला फुटबॉल कळतो."

"खेळता येईनासं झालं की फुटबॉल कळायला लागतो, सर."

ते हसले नाहीत. फार सरळ माणूस आहे, म्हणून तर राग काढायलाही जागा नाही. "निर्णय तुझा," ते म्हणाले. "मी लादणार नाही. शनिवारी सकाळी नावं द्यायची आहेत, त्याआधी सांग."

घरी चालत आलो. सायकल दुरुस्तीचं दुकान, औषधाचं दुकान, बसथांब्यावर पिशव्या सांभाळत उभ्या असलेल्या बायका. अक्कल सांगत होती, मुलांना शिकवायला जा. गुडघाही तेच सांगत होता. पण मला अजून एक हंगाम हवा होता. का, ते विचारू नका. बाकावर बसायला मिळालं असतं तरी चाललं असतं. त्या बाकावरून मैदान जसं दिसतं तसं दुसरीकडून दिसत नाही. मला फक्त कुणीतरी म्हणायला हवं होतं, अरे, तू अजून आहेस.

घरी विचारलं असतं तर तिघंही म्हणाले असते, खेळ बाबा खेळ. मायेने म्हणाले असते. मायेने दिलेल्या उत्तराचं मी काय करणार होतो? आई तर मी शिंकलो तरी छान शिंकलास म्हणेल. पण संघ निवडताना माणूस तसा नसतो. तिथे जिंकायचं असतं, एक जागा दिली की आपले गुण खरोखर जातात. म्हणजे तिथे जो मला घेईल, तो काहीतरी सोडून घेईल. मग माझ्या सुपीक डोक्यात कल्पना आली. तिघांनाही वेगवेगळं गाठून सांगायचं, यंदा मला घेऊ नका. एवढं सांगूनही जो घेईल, त्याला मी खरंच हवा आहे असं धरायचं. तिघं नकोत, दोघं नकोत. एक निघाला तरी खेळायचं.

क्लबचं, सरांचं, शनिवारचं मी घरात अवाक्षर काढलं नाही. वर स्वतःला शाबासकीही दिली की वा, काय युक्ती आहे.

पहिले बाबा. बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. पुढे फ्रेमांच्या काचा, मागे पडद्याआड काच घासायचं यंत्र, आणि भिंतीवर मोठ्याची लहान होत जाणारी अक्षरं. गिऱ्हाईक नव्हतं. ते यंत्रावर काच धरून बसले होते.

"बाबा, यंदा मला घेऊ नका."

"कुठे?"

"संघात."

यंत्र थांबलं. "का? पाय मोडून घेतलास?"

"पाय ठीक आहे. तुमचे गुण वाया जातात. ताई दर वर्षी तुमच्या पुढे जाते ती माझ्यामुळे."

"ती पुढे जाते कारण माझा बचाव म्हणजे चाळण आहे. तुझा काय संबंध?"

"तरी. शेंडीवाल्याला घ्या तिसरा. भलता फॉर्मात आहे."

शेंडीवाला हे आईने ठेवलेलं नाव. ती कुठल्याच खेळाडूला त्याच्या नावाने ओळखत नाही. एक उंच आहे, एक सोनेरी बुटांचा, एक शेंडीवाला. बघता बघता आम्ही सगळेच तसं म्हणायला लागलो.

बाबांनी स्वतःचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि माझ्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकाचा नंबर वाढलाय का हे ठरवताना ते असेच बघतात. "तुला खरंच असं वाटतं?"

"हो."

मी वाट बघत होतो. बाबा मला लहानपणापासून गाढवा म्हणतात. लाडाची दुसरी कुठलीही तऱ्हा त्यांना जमलेली नाही. परीक्षेत पहिला आलो तरी गाढवा, पहिला गोल केला तेव्हा तर मैदानाबाहेरून एवढ्या जोरात गाढवा म्हणून ओरडले की पंचाने वळून पाहिलं. आता म्हणतील, गाढवा, चल निघ, मला अक्कल शिकवतोस?

"बरं," ते म्हणाले आणि यंत्र सुरू केलं.

काही बिघडलं नव्हतं. बाबा तोंडावर एक बोलतात आणि करायचं तेच करतात, असं म्हणत मी घरी आलो. आई दोरीवरून चादरी काढत होती. दोन टोकं माझ्या हातात देऊन ती मागे सरकली. चादर ताणायची, दुमडायची, मग ती चार पावलं पुढे येऊन माझ्या हातातली टोकं घेते. लहानपणापासून आमच्या अर्ध्या गप्पा अशाच झाल्या आहेत. ती जवळ आली की महत्त्वाचं बोलायचं.

"आई, यंदा मला संघात घेऊ नकोस."

"मग मॅचमध्ये मी कुणाकडे बघू?"

"बघ माझ्याकडेच. संघात घेऊ नकोस एवढंच."

"का रे?"

"उगाच मनावर ओझं होतं. तिघं माझ्यामुळे हरता."

आईने सगळी नोकरी हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली. जो जे सांगेल ते नीट ऐकायचं, जिथे जोडायचं तिथे जोडायचं, आपलं मत मध्ये घालायचं नाही. ती सवय तिच्या हाडीमाशी खिळली आहे. तिने चादरीची घडी पोटाशी धरली. "तसं केलं तर तुला बरं वाटेल का?"

"हो."

"मग तसं करते," ती म्हणाली आणि दुसरी चादर ओढली.

मी तिला सांगायला हवं होतं की आई, ऐकू नकोस माझं. पण मग परीक्षा कसली?

तिसरी ताई. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. दुपारच्या सुट्टीत गेलो. हाताला कोपरापर्यंत पांढरी भुकटी, आणि समोरच्या फळीवर ओळीने ठेवलेल्या कवळ्या माझ्याकडे बघून हसत होत्या. मी सांगितलं तशी ताईही हसली.

"खरंच? शपथ?"

"एवढा आनंद दाखवू नकोस, लाज वाटू दे जरा."

"आनंद नाही रे! पण तो शेंडीवाला बघ ना काय खेळतोय. सराव सामन्यात तीन गोल! मी रोज त्याच्या नावावर बोट ठेवते आणि उचलते. यंदाही बाबांना धूळ चारते की नाही बघ." मग ती एकदम थांबली. हात फडक्याला पुसत म्हणाली, "रागावणार नाहीस ना पण? नक्की? नाहीतर राहू दे. मी आपले गुण बुडवते, सवय आहे मला."

"नाही रागावणार."

"आणि तसंही बाबा तुला घेतल्याशिवाय राहणार नाहीत. आईचं तर बोलायलाच नको. तिचा संघच तुझ्यासाठी आहे, बाकीचे दहा जण तुला सोबत म्हणून घेते ती."

"तेच तर," मी म्हणालो. "ते दोघं आहेत. तू तरी मोकळी हो."

हे मी म्हणालो. माझ्याच तोंडाने.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला संघ बंद व्हायचे होते. साडेपाचपासून तिघं टेबलाशी. मी खिडकीशी उभा, हातात पाण्याचा ग्लास, अगदी सहज उभा असल्यासारखा. बाबा मोबाइल नाकाजवळ नेऊन बघत होते. दुनियेचे चष्मे करतात आणि स्वतःचा नंबर तपासायला वेळ नाही. आईचे ओठ हलत होते. ताई अंगठ्याने काहीतरी बदलायची, परत बदलायची.

सहा वाजले. "झालं बंद," ताई म्हणाली आणि मोबाइल एकदाचा छातीवरून खाली ठेवला. "आई, तू वाच आधी."

आईने गोलकीपर वाचला, बाबांकडे एक जळजळीत नजर टाकली, मग बचावफळी, मग मधली फळी. मी खिडकी सोडून तिच्या खुर्चीशी येऊन उभा राहिलो. पाठ थोडी वाकवली होती. सवयच ती.

"फॉरवर्ड," आई म्हणाली. "उंच. सोनेरी बुटांचा. आणि शेंडीवाला."

शेवटचं नाव तिने घाईघाईत घेतलं, मग वर बघून हसली. "तू म्हणालास म्हणून हं. तुझे बाबा आहेतच."

"हो, हो," मी म्हणालो. "छान केलंस." अजून दोघं होते.

"माझाही शेंडीवाला," ताई म्हणाली. तिने वरची सगळी नावं गाळूनच टाकली. "यानेच सांगितलं मला. चला बाबा, घाला धपाटा, दोघींचा मिळून घाला."

दोघी बाबांकडे बघायला लागल्या. मीही बघितलं. एक पुरे होता. एकाचंच तर ठरलं होतं.

बाबांनी चष्मा वर सरकवला. गोलकीपर वाचला, बचावफळी वाचली, प्रत्येक नावानंतर थांबत, दुकानातल्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला लावलेल्या म्हाताऱ्यासारखं. "उंच," ते म्हणाले. "सोनेरी बुटांचा." आणि थांबले.

"वाचा ना, अहो," आई म्हणाली.

बाबांनी मोबाइल टेबलावर उपडा ठेवला. "मला वाटलं, तू घेशील त्याला."

मग एकदम सगळे बोलायला लागले.

"मी? अहो, मला वाटलं तुम्ही! जन्मभर घेतलंत आणि आजच कसं सुचलं तुम्हाला?"

"तुलाही आजच सुचलं ना!"

"मला याने सांगितलं!"

"मग मला काय शेजाऱ्याने सांगितलं?"

"थांबा, थांबा, बदलता येतंय का बघते," ताई मोबाइलवर बोट आपटत होती. "नाही होत. पुढच्या आठवड्यापर्यंत बंद. छे, असं कसं! एक मिनिट तर झालंय!"

"त्या अ‍ॅपवाल्यांना फोन लाव," आई म्हणाली. "तिकडे फोनवर कुणीतरी बसलं असेलच. मी बोलते. सांगते, चूक झाली म्हणून. जोडून देतील ते."

"आई, तिकडे कुणी नसतं."

"कुणीतरी असतंच," आई म्हणाली. आयुष्यभर ती स्वतःच तिकडे बसलेली होती, तिला हे पटणार कसं?

बाबा मात्र माझ्याकडे बघत होते. "तू कधी काही मागत नाहीस," ते म्हणाले. "बूट फाटले तरी चिकटवून घालायचास, पण मागितले नाहीस. कधी काहीच नाही. मंगळवारी पहिल्यांदा दुकानात येऊन म्हणालास, बाबा, एवढं करा. म्हटलं, पोराचं एवढं तरी ऐकावं."

माझ्या तोंडून हसू बाहेर पडलं. काय करणार होतो दुसरं? "अहो, नुसता खेळ आहे," मी म्हणालो. "काय तुम्ही सगळे! मीच सांगितलं ना? मग? उलट छान झालं. आता खरी मजा येईल यंदा." ताईच्या पाठीत मीच एक धपाटा घातला.

मग न्हाणीघरात गेलो, नळ सोडला, स्टुलावर बसून मोबाइल उघडला. अंगठ्याने यादी वर सरकवत राहिलो. तळाशी मी होतो. नावाखाली शून्य. इतक्या वर्षांत तो शून्य मी कधी बघितला नव्हता. तो दिसतो कसा हेही मला ठाऊक नव्हतं. नळ चालू ठेवून मी रडलो, लहान मुलासारखा, तोंडावर टॉवेल दाबून. त्यांचा राग आला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं. तिघांनीही मी मागितलं तेच दिलं होतं आणि तिघांनीही दुसऱ्याच्या मायेवर भरवसा टाकला होता. मीही तोच टाकला होता की.

शनिवारी सकाळी सरांना फोन केला. "पोराचं नाव द्या, सर."

"नीट विचार केलास?"

कसला विचार! "केला," मी म्हणालो.

"मुलांचा सराव चारला असतो," ते म्हणाले. "शिट्टी क्लबमधूनच मिळेल."

नाश्त्याला घरात सांगितलं. सोमवारपासून मुलांना शिकवणार, खेळणं संपलं. आईच्या हातातला चमचा कपातच राहिला. ताईला फोन करून बोलावून घेतलं होतं, ती दारातच उभी राहिली, चप्पल न काढता. बाबांनी पाव खाली ठेवला.

"आमच्यामुळे तर नाही ना?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. रात्रभर मी याचीच तयारी केली होती. "तुमच्यामुळे काय, बाबा? गुडघा गेला माझा. सरांशी मंगळवारीच बोलणं झालं होतं. सगळं ठरल्यावरच तुम्हाला म्हणालो, मला घेऊ नका. न खेळणाऱ्याला घेऊन काय करणार होतात?"

तिघांचेही चेहरे सैल पडले. माझ्या डोळ्यांनी बघितलं मी ते. "तरीच," आई म्हणाली. "मी म्हणतच होते, काहीतरी कारण असणार. हा उगाच नाही म्हणणार." तिने डोळे पुसले आणि माझ्या ताटलीत आणखी एक पाव ठेवला. ताईने चप्पल काढली. हे एक खोटं मला आता जन्मभर सांभाळायचं आहे, आणि मी सांभाळीन. तेवढं तर मला जमेल.

रविवारी आमच्या क्लबची पहिली मॅच. मी पहिल्यांदाच त्या तिघांच्या मध्ये, बघणाऱ्यांच्या खुर्च्यांत बसलो. नवा पोरगा शेवटी उतरला, दोनदा घसरला, एकदा चेंडू थेट लोकांत मारला. ताई काहीतरी टोमणा मारणार होती, माझ्याकडे बघून गप्प बसली. आई मात्र सगळा वेळ मैदानाकडे बघतच नव्हती. ती बाकाकडे बघत होती. मी तिच्या शेजारी होतो आणि ती बाकाकडे बघत होती.

पुढच्या आठवड्यात संघ पुन्हा उघडले. टेबलाशी तिघं, मोबाइल छातीशी. यावेळी मीही होतो. ताईचीच कल्पना. "आता तू खेळाडू नाहीस ना? मग मनाई कसली? उघड अ‍ॅप, बनव संघ, बघू किती अक्कल आहे." मला नाही म्हणायचा कंटाळा आला होता, म्हणून उघडलं.

गोलकीपर घेतला. बचावफळी विचार करून घेतली, बाबांची चाळण पाहिलेली होती. मग फॉरवर्डची यादी उघडली. उंच घेतला, सोनेरी बुटांचा घेतला. तिसऱ्यासाठी अंगठा आपोआप चालू लागला, वर, वर, अगदी तळापर्यंत. मी अजून तिथे होतो. क्लबने नाव काढायला सांगितलं नसावं, किंवा कुणाला आठवणच राहिली नसावी. नाव करडं पडलं होतं, शेजारी लिहिलेलं, संघाबाहेर. आणि खाली आकडा होता. तीन.

मी मान वर केली. तिघंही आपापल्या मोबाइलमध्ये बुडालेले.

"हे काय?" मी विचारलं.

"काय काय?" बाबा म्हणाले.

"मला कुणी घेतलंय?"

आईने बाबांकडे पाहिलं, बाबांनी ताईकडे, ताईने आईकडे. पुन्हा एकदा कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. ताईने हळूच मोबाइल छातीला आणखी घट्ट लावला.

"अहो, मी खेळत नाहीये," मी म्हणालो. "वर्षभर भोपळा मिळेल. एक जागा फुकट जाईल तिघांची. काढा मला."

"माझा संघ आहे, मी बघेन," ताई म्हणाली. "शेंडीवाला मला आवडत नाही. चालतो कसा बघ."

"मी तर तुला कर्णधार केलंय," आई म्हणाली. "कर्णधाराला दुप्पट गुण असतात."

"आई, शून्याची दुप्पट शून्यच होते."

"होऊ दे."

बाबांना तरी कळेल म्हणून मी त्यांच्याकडे वळलो. त्यांनी मान वर केली नाही. "गाढवा," ते म्हणाले, "तू तुझा संघ बघ."

गेल्या मंगळवारी मी एवढ्याच एका शब्दासाठी दुकानात उभा होतो. एका आठवड्याने मिळाला. मी मोबाइल खाली ठेवला. "खरंच सांगतो," मी म्हणालो, "मला घेऊ नका."

यावेळी तिघांपैकी एकानेही ऐकलं नाही.